भात, पोळी, दूध, साखर : काय सोडले की धावण्यावर काय परिणाम होतो आणि तो कसा तपासावा

नियमित धावायला लागल्यावर दोन-तीन महिन्यांत माणूस काहीतरी खायचे सोडतो. कुणी भात सोडतो, कुणी साखर, कुणी गहू, कुणी दूध. आणि पुढच्या रविवारच्या लाँग रनला, म्हणजे आठवड्यातल्या सर्वांत लांब धावेला, ‘एकदम हलके वाटते आहे’ असे धावण्याच्या गटात सांगतो. ते वाटणे खोटे नसते. मात्र त्याच व्यक्तीचा चार-सहा आठवड्यांनंतरचा पेस, म्हणजे धावण्याचा वेग, विचारला तर तो बहुधा होता तिथेच असतो किंवा मंदावलेला असतो, आणि तोपर्यंत सोडलेल्या पदार्थांची यादी आणखी वाढलेली असते. सोडण्याला माझा विरोध नाही. काही पदार्थ सोडल्याने काही धावपटूंचे धावणे खरोखर सुधारते. परंतु धावणाऱ्याला सर्वाधिक उपयोगी पडणारे पथ्य बहुतेक वेळा महिन्यांचे नसून धावण्याआधीच्या काही तासांचे असते, हे लक्षात न घेता केलेला त्याग अंगलट येतो. हाफ किंवा फुल मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या हौशी धावपटूने कोणताही पदार्थ सोडण्याचा प्रयोग कोणत्या क्रमाने करावा, ते पुढे सांगितले आहे.

पहिली पायरी : कारण एका वाक्यात लिहा

वहीत एकच वाक्य लिहावे : ‘मी अमुक पदार्थ तमुक कारणासाठी सोडतो आहे.’ कारण वजन कमी करण्याचे असेल, तर मोजायची गोष्ट वेगळी. धावताना पोटात कळ येते, गॅस धरतात किंवा मध्येच शौचालय शोधावे लागते हे कारण असेल, तर मोजायची गोष्ट वेगळी. श्रावण, चातुर्मास किंवा अहिंसेच्या श्रद्धेमुळे सोडत असाल, तर तिथे ‘फायदा झाला का’ हा प्रश्नच गैरलागू आहे. तिथे फक्त नुकसान होऊ नये याची व्यवस्था करायची असते. वाक्य लिहिता येत नसेल, म्हणजे केवळ गटातल्या दुसऱ्या कुणी सोडले म्हणून आपण सोडत असू, तर प्रयोग इथेच थांबवलेला बरा.

दुसरी पायरी : सोडण्याआधी रक्त तपासा

हा क्रम उलटा केल्याने होणारे नुकसान मोठे आहे. गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा जो सिलिअॅक नावाचा आजार आहे, त्याची रक्तचाचणी रुग्ण गहू खात असतानाच विश्वासार्ह ठरते. आधी दोन-तीन महिने गहू सोडला आणि मग तपासणी केली, तर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो, आणि निदानासाठी पुन्हा काही आठवडे गहू खाण्याची वेळ येते. गव्हाबद्दल शंका असेल तर आधी डॉक्टर, मग पथ्य.

याखेरीज हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व यांची नोंद हाताशी असावी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. तेव्हा धाप लागते आणि पाय चालत नाहीत याचे कारण अनेकींच्या बाबतीत ताटातल्या भातात नसून रक्तात असते. फेरिटिन शरीरातील लोहाचा साठा दाखवते, पण कठीण व्यायामानंतर किंवा तापात ते तात्पुरते वाढते, म्हणून लाँग रनच्या दुसऱ्या दिवशी ही तपासणी करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी पुढील पायऱ्या वैद्यकीय सल्ल्याशिवाय करू नयेत.

तिसरी पायरी : दोन आठवडे काहीही न बदलता नोंदी

तुलना करायची तर आधीची स्थिती माहीत हवी. एक ठरावीक चाचणी निवडावी : उदाहरणार्थ, ४०० मीटरच्या मैदानावर १२ फेऱ्या, हृदयगती एका ठरावीक पातळीवर राखून, आणि त्याला किती वेळ लागला याची नोंद. दोन आठवड्यांत ही चाचणी किमान तीनदा करावी, सकाळी त्याच वेळी, त्याच बुटांत. लाँग रनमध्ये पहिल्या तिसऱ्या हिश्श्याचा आणि शेवटच्या तिसऱ्या हिश्श्याचा पेस वेगवेगळा लिहावा, कारण आहारातील उणीव सुरुवातीला दिसत नाही, ती शेवटच्या टप्प्यात पाय जड करते. सकाळचे वजन, झोपेचे तास आणि पोटाची तक्रार शून्य ते दहा या मापात रोज टिपावी.

हवामानही लिहावे. मे महिन्यातील पुण्याची सकाळ आणि जुलैतील मुंबईची दमट सकाळ यांत त्याच वेगाला हृदयगती मिनिटाला आठ-दहा ठोक्यांनी सहज बदलते. जूनमध्ये दूध सोडून सप्टेंबरमध्ये वेग वाढला, तर त्याचे श्रेय दुधाला द्यायचे की तीन महिन्यांच्या सरावाला, हे अशा नोंदींशिवाय ठरवता येत नाही.

चौथी पायरी : जे काढाल त्याच्या जागी काय येणार, ते ग्रॅममध्ये ठरवा

माझ्या मते संपूर्ण प्रयोगाचे यश या पायरीवर अवलंबून आहे, म्हणून इथे थोडा हिशोब करू. धावताना साधारणपणे दर किलो वजनामागे दर किलोमीटरला एक किलोकॅलरी खर्च होते. ६० किलो वजनाची व्यक्ती दहा किलोमीटर धावली की सुमारे ६०० किलोकॅलरी गेल्या. रोज तासभर व्यायाम करणाऱ्याला क्रीडा-आहारशास्त्रातील शिफारशींनुसार दर किलो वजनामागे ५ ते ७ ग्रॅम कर्बोदके लागतात, म्हणजे या व्यक्तीला दिवसाला ३०० ते ४२० ग्रॅम. आता आपल्या ताटाकडे पाहा. एका मध्यम पोळीत साधारण १७-१८ ग्रॅम, मोठ्या ज्वारीच्या भाकरीत ४० ग्रॅम, वाटीभर भातात ३० ते ४० ग्रॅम, केळ्यात २० ते २५ ग्रॅम आणि ६० ग्रॅम कोरड्या पोह्यांच्या बशीत ४५ ग्रॅम कर्बोदके असतात.

दोन्ही वेळचा एकेक वाटी भात सोडला की ६० ते ८० ग्रॅमची तूट पडते. ती भरून काढायला रोज चार पोळ्या जास्त खाव्या लागतील. भात सोडणारा माणूस चार पोळ्या वाढवत नाही, तो काकडीची कोशिंबीर वाढवतो. मग जो परिणाम दिसतो तो ‘भात न खाण्याचा’ नसतो, तो कमी खाण्याचा असतो. म्हणून पदार्थ सोडण्याच्या पहिल्याच दिवशी वहीत दुसरा रकाना आखावा आणि प्रत्येक काढलेल्या वाटीसमोर तिची बदली लिहावी. एका वेळी एकच पदार्थ काढावा, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो. दूध, गहू आणि साखर एकदम सोडून बरे वाटले तर तिघांपैकी दोषी कोण, हे कधीच कळणार नाही आणि निर्दोष दोघे आयुष्यभर वर्ज्य राहतील.

पाचवी पायरी : पदार्थानुसार अपेक्षा आणि मुदत

*भात, पोळी, भाकरी.* स्नायूंमध्ये साधारण ३०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमपर्यंत ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा राखीव साठा, असते, आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. कर्बोदके एकदम कमी केली की हा साठा आटतो, त्याबरोबरचे पाणी निघून जाते आणि आठवडाभरात वजनकाटा एक-दोन किलो खाली येतो. ‘हलके वाटणे’ ते हेच. चरबी अजून जागच्या जागी असते. कमी झाले आहे ते धावण्याचे इंधन.

शरीर चरबीवर धावायला शिकते, हा दावा अर्धा खरा आहे. ते शिकते, पण त्याची किंमत प्राणवायूत मोजावी लागते. एक लिटर प्राणवायू वापरून कर्बोदकांपासून सुमारे ५ किलोकॅलरी मिळतात, चरबीपासून सुमारे ४.७. सावकाश धावताना हा फरक जाणवत नाही, कारण प्राणवायू मुबलक असतो. रेसच्या वेगाला तो जाणवतो. ऑस्ट्रेलियातील संशोधक लुईझ बर्क यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आंतरराष्ट्रीय दर्जाच्या चालपटूंना (चालण्याच्या शर्यतीतील खेळाडूंना) तीन आठवडे कडक सराव करायला लावून वेगवेगळे आहार दिले. चरबीप्रधान, अत्यल्प कर्बोदकांचा आहार घेणाऱ्यांची चरबी जाळण्याची क्षमता प्रचंड वाढली, पण त्याच वेगाला त्यांना जास्त प्राणवायू लागू लागला आणि १० किलोमीटरच्या शर्यतीत त्यांच्या वेळेत सुधारणा झाली नाही. कर्बोदके घेणारे इतर गट मात्र पाच-सहा टक्क्यांनी सुधारले. केनियातील अव्वल धावपटूंच्या आहाराची २००४ मध्ये नोंद झाली, तेव्हा त्यांच्या ऊर्जेचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कर्बोदकांतून येत असल्याचे दिसले. मक्याचे उगाली आणि दूध-साखरेचा चहा हे त्यातले मोठे घटक. आपल्या भात-भाकरीची लाज वाटण्याचे कारण नाही.

तरीही प्रयोग करायचाच असेल तर तो सरावाच्या प्रकारानुसार करावा. आठवड्यातून एक-दोन सावकाश, तासाभराच्या आतल्या धावा सकाळी उपाशीपोटी केल्याने निरोगी माणसाचे काही बिघडत नाही. टेम्पो (सलग वेगवान धाव), इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत केलेल्या जोरदार धावा) आणि दीड तासापेक्षा मोठ्या लाँग रनच्या आदल्या रात्रीचा भात मात्र सोडू नये. वजन कमी करायचे असेल तर ही कपात रेसपासून दूरच्या महिन्यांत, दिवसाला ३००-४०० किलोकॅलरींपेक्षा जास्त न होऊ देता, तेल, फरसाण आणि मिठाईतून करावी.

*साखर.* चहातली साखर, बिस्किटे आणि गोड पदार्थ कमी करणे दातांसाठी आणि पोटाच्या घेरासाठी चांगलेच. धावण्यावर त्याचा थेट परिणाम फारसा दिसत नाही. साखर सोडून गूळ खाणाऱ्यांनी एवढे जाणून घ्यावे की गुळातही मुख्यत्वे तीच सुक्रोज असते आणि स्नायूला ती वेगळी ओळखू येत नाही. अडचण येते ती ‘साखर बंद’ हे व्रत रेसच्या रस्त्यावरही पाळणाऱ्यांची. दीड तासापेक्षा जास्त धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके, मग ती जेलची असोत, चिक्कीची असोत की साखर-मीठ-पाण्याची, रक्तात जावी लागतात. त्या दोन-तीन तासांत साखर हे औषध समजावे, आणि सरावातच त्याची पोटाला सवय करावी.

*गहू.* सिलिअॅक नसलेल्या १३ सायकलपटूंवर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, कोणत्या आठवड्यात ग्लुटेन मिळते आहे हे त्यांना कळू न देता, सात-सात दिवसांची तुलना केली गेली. कामगिरीत किंवा पोटाच्या तक्रारींत फरक आढळला नाही. मग गहू सोडून बरे का वाटते? एक कारण असे की गव्हाबरोबर पाव, बिस्किटे, सामोसे आणि खारीही जातात. दुसरे असे की गव्हात फ्रुक्टान नावाची कर्बोदके असतात, जी लहान आतड्यात पचत नाहीत आणि पुढे आंबून गॅस करतात. तीच कांद्यात आणि लसणातही असतात. म्हणजे ज्याला पोळीचा त्रास होतो असे वाटते, त्याला कदाचित भाजीतल्या कांद्याचाही होत असेल. मुदत तीन आठवडे पुरे. बदली म्हणून ज्वारी, तांदूळ, नाचणी घ्यावी. मात्र भाकरीत तंतू जास्त असतात, तेव्हा ती लाँग रनच्या आदल्या रात्रीऐवजी इतर दिवशी खावी.

*दूध.* प्रौढपणी लॅक्टोज पचवणारे एन्झाइम कमी होणे आपल्याकडे सर्रास आढळते. पहाटे साडेचारला दूध पिऊन पाचला धावायला निघणाऱ्याची दुसऱ्या-तिसऱ्या किलोमीटरला पोटात गुडगुड सुरू होते, यात नवल नाही. पण याचा अर्थ दूध कायमचे सोडावे असा नाही. आधी फक्त धावण्यापूर्वीच्या बारा तासांत दूध टाळून पाहावे. दही आणि ताक बहुतेकांना चालते, कारण विरजणातील जिवाणू काही लॅक्टोज आधीच पचवून टाकतात. दहा दिवस ते दोन आठवड्यांत उत्तर मिळते. दूध पूर्ण सोडलेच तर प्रौढाला रोज लागणारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम कुठून येणार ते लिहून काढावे : २०० मिलिलिटर दुधात सुमारे २४० मिलिग्रॅम असते, १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात सुमारे ३५०.

दुधाच्या बाबतीत घरच्या घरी बऱ्यापैकी निष्पक्ष चाचणी करता येते. बाजारात लॅक्टोजविरहित दूध मिळते. घरातल्या माणसाने साधे आणि लॅक्टोजविरहित दूध, चव कळू नये म्हणून केळे घालून घुसळून, आलटून-पालटून आठ दिवस द्यावे आणि कोणत्या दिवशी कोणते दिले हे स्वतःच्या कागदावर टिपावे. धावणाऱ्याने फक्त पोटाची तक्रार लिहावी. आठव्या दिवशी दोन्ही कागद जुळवावेत. अनेकांना हे जुळवताना हसू येते.

*डाळी, उसळी, कोशिंबिरी.* हे पदार्थ कायम सोडण्याचा विचार शाकाहारी धावपटूने मनातही आणू नये. त्याची बरीचशी प्रथिने त्यांतूनच येतात. परंतु इथेच तासांचे पथ्य खरे उपयोगी पडते. जोरात धावताना रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळते आणि आतड्याचा पुरवठा मोठ्या प्रमाणात घटतो. अशा वेळी आत चोथा आणि आंबणारे पदार्थ असतील तर कळा येणारच. रेसच्या आधीचे २४ ते ४८ तास मटकी, छोले, राजमा, कच्ची कोशिंबीर, कोबी आणि सालासकट फळे बंद ठेवून मऊ भात, थोडे वरण, तूप, बटाटा, दही, केळे असा आहार घेतला, तर पोट शांत राहते आणि आतड्यातील भारही थोडा कमी होतो. जो भात सगळे आधी सोडतात, तोच या दोन दिवसांत सगळ्यांत सोयीचा ठरतो.

*मांस, मासे, अंडी.* श्रावणात महिनाभर ती बंद ठेवल्याने धावणे खालावण्याचे कारण नाही. बी-१२ चा साठा यकृतात वर्षानुवर्षे पुरतो आणि लोहाची उणीवही अनेक महिन्यांत निर्माण होते. महिनाभरात उणीव पडू शकते ती प्रथिनांची. धावपटूला दर किलो वजनामागे रोज किमान १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला ७० ग्रॅमच्या पुढे. अंडी-मासे गेल्यावर ती पनीर, सोयाबीन, डाळ आणि दह्यातून मोजून घ्यावी लागतात. यवतेश्वरच्या घाटातली साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन अनेकदा श्रावणात किंवा त्याच्या आसपासच येते, तेव्हा तिथे धावणाऱ्यांनी हा हिशोब आषाढातच करून ठेवावा. उपवासाचे म्हणाल तर आपल्याकडे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच नाही : साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च असतो, त्यामुळे खिचडीच्या उपवासात इंधन कमी पडत नाही, प्रथिने कमी पडतात. निर्जळी उपवासाच्या दिवशी मात्र धावू नये. वर्षानुवर्षे शाकाहारी असणाऱ्याने बी-१२ वर्षातून एकदा तपासावे.

*चहा-कॉफी.* कॅफीन अचानक बंद केल्यास पहिल्या दोन दिवसांत डोके दुखते आणि आळस येतो. आठवड्याभरात ते ओसरते. रेसच्या आठवड्यात हा उद्योग करू नये, विशेषतः कॅफीनमुळे सहनशक्तीच्या खेळात कामगिरी थोडी सुधारते हे चांगले सिद्ध झालेले असताना. सोडायचाच असेल तर जेवणाबरोबरचा चहा सोडावा. तो जेवणातील लोहाचे शोषण कमी करतो. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवले आणि ताटात लिंबाची फोड घेतली, तर लोहाची बाजू सुधारते.

सहावी पायरी : आकडे वाचणे आणि पदार्थ परत आणणे

मुदत संपल्यावर चाचणीच्या तीन धावांची सरासरी आधीच्या तीनांशी ताडून पाहावी. एकाच माणसाची वेळ दिवसागणिक एक-दोन टक्क्यांनी इकडेतिकडे होत असते, म्हणून ३० मिनिटांच्या चाचणीत १५-२० सेकंदांचा फरक फरक मानू नये. त्यानंतर पदार्थ परत सुरू करावा. हा टप्पा लोक हमखास गाळतात, आणि त्यामुळे त्यांचा प्रयोग अपुरा राहतो. पदार्थ परत आल्यावर तक्रार परतली, पुन्हा काढल्यावर गेली आणि दुसऱ्यांदा आणल्यावर पुन्हा परतली, तरच तो पदार्थ दोषी. तेव्हाही प्रमाण शोधावे. एक कप दूध बाधणाऱ्याला चहापुरते दूध बहुधा बाधत नाही.

प्रयोग तात्काळ थांबवण्याच्या काही खुणा आहेत : पाळी लांबणे किंवा चुकणे, नडगीत किंवा पावलाच्या हाडात एकाच जागी टोचणारे दुखणे, सारखी सर्दी, झोप न लागणे, विश्रांतीनंतरही पाय न सुटणे. सोडलेल्या पदार्थांची यादी वाढता वाढता एकूण ऊर्जाच अपुरी पडू लागते आणि शरीर हाडे, संप्रेरके व प्रतिकारशक्ती यांवरचा खर्च कापू लागते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून या स्थितीला खेळातील सापेक्ष ऊर्जान्यूनता असे नाव दिले आहे, आणि ती पुरुषांतही होते. इथे उपाय डॉक्टरकडे जाणे आणि अधिक खाणे हाच आहे.

सातवी पायरी : दिनदर्शिकेवर जागा

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत, बहुधा तिसऱ्या रविवारी असते. तेव्हा सोडण्याचे आणि परत आणण्याचे सगळे प्रयोग जून ते सप्टेंबरमध्ये उरकावेत, दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत कोणतीही चाचणी करू नये (आकडे खोटे येतात आणि घरचे रागावतात), आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून ताटात नवे काही काढू किंवा घालू नये. डिसेंबरमधील सर्वांत मोठ्या लाँग रनच्या आधीचे तीन दिवस म्हणजे रंगीत तालीम : गुरुवारी उसळ बंद, शुक्रवारी कोशिंबीर बंद आणि भात दोन्ही वेळा, शनिवारी दुपारी मुख्य जेवण पोटभर, रात्री आठच्या आत दहीभात किंवा तूप-मीठ-भात, आणि रविवारी पहाटे धावण्याआधी दीड-दोन तास एक केळे व दोन-तीन चमचे मध किंवा साखर घातलेला कोरा चहा. त्या दिवशी पोटाने साथ दिली, तर जानेवारीतही नेमके हेच, याच वेळांना खावे.